उणे आठ अग्राह्य

फेब्रुवारी सरत आला की मोहोराचा वास शाळेच्या खिडक्यांतून आत येतो आणि मागच्या बाकांवर जाऊन बसतो. गोडसर, किंचित आंबूस, डोकं जड करणारा वास. दहावीची पूर्वपरीक्षा झालेली असते. जादा तास सुरू असतात. अकरा वाजल्यापासूनच छपराचे पत्रे तापून टक टक वाजायला लागतात, जणू वरून कोणी अनवाणी चालतंय. मी फळ्यावर लिहिते, ‘पूर्ण वर्ग करून सोडवा’. सत्तावीस वर्षं हे लिहिते आहे. पण गेली काही वर्षं शेवटच्या पायरीशी आले की माझा खडू थांबतो. मुलांना वाटतं, बाई विसरल्या.

विसरले नाही. मला रेवती आठवते.

मी राहते रत्नागिरीत आणि शाळा हातखंब्याच्या पलीकडे, आतल्या एका गावात. सकाळच्या एसटीने जायचं आणि दुपारच्या एसटीने यायचं. थांब्यापासून शाळेपर्यंत वीस मिनिटं सड्यावरून चालावं लागतं. सडा म्हणजे काळ्या-तांबड्या कातळाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर फुलं येतात. उन्हाळ्यात काहीच नसतं, नुसतं ऊन हलताना दिसतं. मधेच जमिनीत चौकोनी खड्डे लागतात, घरांसाठी जांभा दगडाचे चिरे काढून सोडलेल्या खाणी. त्यांच्या भिंती इतक्या सरळ कापलेल्या असतात की कोणीतरी पट्टी लावून जमिनीतून चौरस उचलून नेला असं वाटतं. खाली हिरवं पाणी. आमच्याकडच्या लोकांना रात्रीपेक्षा भरदुपारची भीती जास्त. सड्यावर उभं राहून पाहिलं की त्यांचं खरं वाटायला लागतं. सावली पायाखाली जाते आणि आपण आहोत याचा पुरावाच उरत नाही.

रेवती दहावीला होती त्या वर्षी मी पुठ्ठा कापून नेला होता. पूर्ण वर्ग ही रीत मुलं पाठ करतात, पण ती दिसली की विसरत नाहीत. एक निळा चौरस फळ्याला चिकटवला. त्याची बाजू एक्स. त्याच्या उजवीकडे तीन रुंदीची एक पट्टी आणि खाली तशीच दुसरी. तिन्ही मिळून क्षेत्रफळ सोळा. म्हणजे एक्स वर्ग अधिक सहा एक्स बरोबर सोळा.

“आता हा मोठा चौरस झाला का?” मी विचारलं.

“नाय बाई, कोपरा खाल्लेला हाय,” मुलगे ओरडले.

“कोपरा केवढा?”

“तीन गुणिले तीन. नऊ.”

“मग नऊ मिळवू. इकडे मिळवले तर तिकडेही मिळवायचे. सोळा आणि नऊ पंचवीस. पूर्ण चौरस झाला, त्याची बाजू पाच. पाचातून पट्टीचे तीन गेले, एक्स बरोबर दोन.”

तिसऱ्या बाकावरून रेवती उठली. ती फारशी बोलत नसे. उंच, सावळी, केस चापून बांधलेले, आणि गणितात वर्गात पहिली. न विचारता ती फळ्यापाशी आली आणि त्या रिकाम्या कोपऱ्यावर तिने तळवा ठेवला.

“बाई, इथे काही नाही ना?”

“नाही. म्हणून तर मिळवायचं.”

“पण काही नसताना त्याचं माप कसं कळलं?”

मुलं हसली. मीही हसले. म्हटलं, आजूबाजूच्या पट्ट्यांवरून कळतं. तिने मान हलवली, तळवा काढला आणि जागेवर जाऊन बसली. फळ्यावरच्या खडूच्या धुळीत तिचा पंजा उमटला होता, बरोबर त्या कोपऱ्यात. तास संपल्यावर मी तो पुसला. का कोण जाणे, दोनदा पुसला.

मग पूर्वपरीक्षेचे पेपर माझ्याकडे आले. एक शाब्दिक उदाहरण होतं, चौरसाकृती वाफ्याला दोन बाजूंनी पट्ट्या जोडल्याचं. समीकरण आमचंच, वर्गात केलेलं. अशा उदाहरणाला दोन उत्तरं येतात. पंचवीसचं वर्गमूळ पाच आणि उणे पाचही. त्यामुळे एक्स बरोबर दोन किंवा उणे आठ. शेवटी मुलांनी लिहायचं असतं, ‘लांबी ऋण नसते, म्हणून उणे आठ अग्राह्य’. घेता न येणारं, सोडून द्यायचं. रेवतीने सगळ्या पायऱ्या अचूक लिहिल्या होत्या. दोन्ही किमती काढल्या होत्या. आणि पुढे काहीच नाही. उणे आठ तसंच ठेवलं होतं. त्यासाठी मी एक गुण कापला.

तिला बोलावून घेतलं. “एवढं एक वाक्य लिहायचं राहिलं बघ.”

“राहिलं नाही, बाई. लिहिलं नाही.”

“का गं?”

“उणे आठ समीकरणात घालून बघितलं. चौसष्ट उणे अठ्ठेचाळीस, सोळा येतात. ते खरं आहे. जागा सापडत नाही म्हणून त्याला अग्राह्य म्हणायचं?”

“वाफ्याची बाजू उणे आठ कशी असेल?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “जमिनीच्या खाली असेल.”

तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता, हट्टही नव्हता. आईला हळद कुठे ठेवली ते सांगावं तसं सांगितलं.

शाळेतल्या शिपायांनी मला तिच्या घरची हकीगत सांगितली. रेवतीला एक मोठा भाऊ होता, महेश. मुंबईला एका गोदामात कामाला. दोन वर्षांपूर्वी तो गणपतीसाठी निघाला. हातखंब्याला अकराच्या सुमारास उतरला, नाक्यावर त्याने चहा घेतला, पेढ्यांचा पुडा घेतला. चहावाल्याने त्याला नीट पाहिलेलं. घराकडे जायला रस्त्याने तासभर लागतो, सड्यावरून अर्धा तास. तो सड्यावरून निघाला. त्या दिवशी इतकं धुकं होतं की हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. महेश घरी पोचलाच नाही. पोलीस आले, गावातले लोक आले, खाणींच्या पाण्यात गळ टाकून पाहिले. वीस-वीस फूट पाणी. काही लागलं नाही. हळूहळू लोक म्हणायला लागले की पळाला असेल, मुंबईला कोणीतरी असेल त्याची. म्हणायला सोपं पडतं तेच लोक म्हणतात.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी तिच्या घरी गेले. निमित्त अभ्यासाचं, पण खरं म्हणजे मला त्या कापलेल्या गुणाने झोप लागत नव्हती. गावाच्या टोकाला, सड्याला पाठ लावून घर होतं. मागल्या दाराबाहेर दहा-बारा काजूची झाडं आणि त्यापुढे नुसता कातळ. खाली पडलेल्या काजूबोंडांचा उग्र वास सुटला होता. तिचे वडील बागांमध्ये कामाला जात. ते जेवायलाच आले होते. आईने मला जेवायचा आग्रह केला. मला वाटलं, ताटं चार होतील. पाच मांडली गेली.

पाचवं ताट रेवतीच्या शेजारी. त्यात भात, कुळथाचं पिठलं, एक सुकी मासळी भाजलेली. पाण्याचा तांब्यासुद्धा. आईने सगळ्यांना वाढलं, पदर सारखा केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “जेव रे.”

मग माझ्याकडे वळली. “बाई, तुमी पण जरा तिकडं तोंड करा हां. त्याला जेवताना कोणी बघितलेलं आवडत नाय.”

वडिलांनी आधीच भिंतीकडे तोंड केलं होतं. आईने पाठ फिरवली. मीही फिरवली, दुसरं काय करणार? समोर मातीची भिंत, तिच्यावर पाल. पाठीमागे कोणीतरी भात कालवत होतं. ओल्या भाताचा, बोटांचा, घोट गिळल्याचा आवाज येत होता. मला मान वळवायची होती आणि मान वळत नव्हती. किती वेळ गेला कळलं नाही. मग आई म्हणाली, “झालं त्याचं.” मी वळले. पाचव्या ताटातला अर्धा भात संपला होता. उरलेल्यात बोटांच्या रेघा होत्या.

रेवती मला सड्यापर्यंत सोडायला आली. बराच वेळ चालल्यावर स्वतःच म्हणाली, “मी खाते, बाई.”

मी सुस्कारा सोडला. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला तो सुस्कारा सोडावा लागला, याची लाज अजून वाटते.

“पहिले चार दिवस ताट तसंच राहिलं तर आई जेवलीच नाही. पाचव्या दिवशी मी त्यातलं खाल्लं. तिने ताट बघितलं आणि मग जेवली. तेव्हापासून रोज. माझं खाते, दादाचं खाते. पोट दुखतं.” मग म्हणाली, “तुम्ही म्हणालात ना, इकडे मिळवलं तर तिकडेही मिळवायचं.”

मी शाळेतल्या बाईच्या थाटात बोलले. परीक्षा तोंडावर आली आहे, स्वतःचे हाल करू नकोस, हे खोटं फार दिवस चालणार नाही, हळूहळू बंद कर. ती ऐकून घेत होती. सड्यावर वारा नव्हता. दूर एका खाणीच्या काठावर गुरं उभी होती आणि एकही हलत नव्हतं. मला आज वाटतं, आपण किती सहज सांगतो लोकांना, की हे सोड म्हणून. आपल्या हातात लाल शाईचं पेन असतं, त्याचा तो माज.

आठवड्याने जादा तास संपल्यावर ती थांबली. मुलं गेली. फळ्यावर अर्धवट पुसलेलं समीकरण होतं.

“बाई, मी खाणं सोडलं. पाच दिवस झाले.”

“मग? आई जेवत नाही का?”

“जेवते.” तिने ओठ ओले केले. “मी आता आईसारखीच पाठ करून बसते. बाबा तर जेवून लगेच जातात. आम्ही उठतो, मी हात धुवायला विहिरीवर जाते. येऊन बघते तर ताट रिकामं. अर्धं नाही. पूर्ण रिकामं.”

पत्रे वाजत होते. आम्ही दोघींनीही वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांना आंब्याच्या कलमांच्या एका बागेत गाठलं. ते फवारणीचं काम करत होते, तोंडाला फडकं बांधलेलं. मी आडवळणाने विचारलं. त्यांनी फडकं खाली ओढलं.

“मी? मी त्या ताटाला हात नाय लावत, बाई. मना वाटलं पोरगीच खाते.”

“ती म्हणते तिने सोडलं.”

त्यांनी फडकं परत वर बांधलं. फडक्याआडून म्हणाले, “परीक्षा होऊ दे तिची. काय विचारू नका कोणाला.”

मी विचारलं नाही. परीक्षा झाली. बीजगणिताच्या पेपराच्या दिवशी मी केंद्रावर दुसऱ्या खोलीत होते. बाहेर आल्यावर रेवतीने मला पेपर दाखवला. वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण आलं होतं, आकडे वेगळे. “ते वाक्य लिहिलंस?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“लिहिलं. ‘लांबी ऋण नसते, म्हणून या उदाहरणात ही किंमत घेतलेली नाही.’ अग्राह्य नाही लिहिलं. चालेल ना?”

चालेल, म्हटलं. चालायलाच हवं. तेव्हापासून मी मुलांना हेच वाक्य लिहायला सांगते. इतर शिक्षक हसतात.

मे महिन्यात विहिरी आटल्या. त्या वर्षी कलमांना घालायला पाणी नव्हतं, म्हणून दोन बागायतदारांनी रेवतीच्या घरामागच्या खाणीवर पंप बसवला. तीन दिवस पंप चालला. चौथ्या दिवशी दुपारी पाणी खूप खाली गेलं आणि एका भिंतीतल्या कपारीत आधी बॅगेचा पट्टा दिसला. चिरा अर्धवट कापून सोडला की आत अशी खाच राहते. महेश त्या खाचेत अडकला होता. गळ वरून कितीही टाकले तरी तिथे पोचले नसते. पंपवाल्याने मला नंतर सगळं सांगितलं. मीच विचारलं, पाणी किती राहिलं होतं? विचारायला नको होतं.

“आठ फूट,” तो म्हणाला.

मी याचा काही अर्थ लावत नाही. पाणी सात फूटही असू शकलं असतं. मी गणित शिकवते, योगायोग कशाला म्हणतात ते मला माहीत आहे. तरी त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी कपाटातून तिची पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका काढली आणि कापलेला गुण परत दिला. कोणी बघणार नव्हतं. निकालात तो मोजला जाणार नव्हता.

जूनच्या सुरुवातीला निकाल घेऊन मी तिच्या घरी गेले. शाळेत ती पहिली आली होती. आभाळ भरलं होतं पण पडत नव्हतं, सगळं घामाने चिकट झालेलं. पडवीत आईने मला बसायला दिलं. रेवती आत चहा ठेवायला गेली. आईने निकालाचा कागद हातात घेतला, वाचता येत नसूनही वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग कागद मांडीवर ठेवून हलक्या आवाजात बोलायला लागली.

“बाई, ताटातलं मी खायची.”

मी तिच्याकडे वळले.

“पोरगी खाते ते मना पहिल्या दिवसापासून ठाऊक. तिला वाटायचं मी जेवत नाय म्हणून ती खाते. मना वाटायचं, खाऊ दे, तिला दादा जवळ हाय असं वाटत असंल. म्हणून तोंड फिरवायची. मंग तिनं सोडलं. बरंच झालं, पोट दुखायचं तिचं. पण भरलेलं ताट बघितलं असतं तर परत खायला बसली असती. म्हणून मी संपवायला लागले.”

“म्हणजे तो येत नाही हे तुम्हाला...”

“तो नाय येणार हे त्याच दिवशी कळलेलं मना.”

आतून स्टोच्या ज्योतीचा आवाज येत होता. आईने पदराने मान पुसली.

“गणपतीचे दिवस. धुकं असं, की दारातली तुळस दिसत नव्हती. मी चुलीपाशी, मोदकांचं सारण ढवळत होते. बाराचा सुमार. मागनं हाक आली. आई. त्याचाच आवाज. पण आमच्यात भरदुपारी एका हाकेला ओ देत नायत. माणूस असंल तर तीनदा हाक मारतं. दुसरं काय असंल ते दोनदाच मारतं. सासूनं पयल्या वर्षीच सांगितलेलं. मी गप ऱ्हायले. दुसरी हाक आली. मी उठले, मागल्या दाराची कडी धरली आणि तिसरीची वाट बघत उभी ऱ्हायले. मनात म्हटलं, महेश असंल तर मारील की तिसरी.”

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

“उभीच ऱ्हायले, बाई. सारण करपलं.”

मी तिचा हात धरला, तो हातात थंड पडून राहिला. शोधायला आलेल्यांना सांगितलं का नाही, हे विचारायचं माझ्या मनात आलं आणि तिथेच विरलं. काय सांगणार होती ती त्यांना? पोराने हाक मारली आणि मी कडी धरून उभी राहिले, हे?

तेवढ्यात तिने एकदम मान वर केली.

“ओ!” ती मोठ्याने म्हणाली. हात माझ्या हातातून सुटला. “आले रे, आले.” कागद खाली पडला. घरातून, मागल्या दाराने ती बाहेर गेली. काजूखालच्या सुक्या पाचोळ्यावर तिची पावलं वाजत लांब गेली.

मी कान देऊन बसले होते. मला हाक ऐकू आली नव्हती.

रेवती दोन कप घेऊन पडवीत आली. आईची रिकामी जागा पाहिली, कप खाली ठेवले.

“हाक आली तिला?” तिने विचारलं.

“मला काही ऐकू आलं नाही गं.”

“मलाही येत नाही. पण आता रोज बाराला ती पहिल्याच हाकेला ओ देते.” तिने निकालाचा कागद उचलला, घडी करून खुंटीवरच्या पिशवीत ठेवला आणि पायात चपला सरकवल्या. “खाणीच्या काठापर्यंत जाते. तिथे बसते थोडा वेळ. मी जाऊन आणते. तुम्ही चहा घ्या.”

“तू अकरावीला रत्नागिरीत यायला लागलीस की मग?”

ती उंबऱ्यावर थांबली. “सकाळचे तास झाले की लगेचच्या गाडीने परत येईन. बाराच्या आत घरी.”

ती गेली. चहावर साय धरायला लागली होती. मी उठले, चपला घातल्या आणि दोघींच्या मागून सड्यावर चालायला लागले.